बोट बघायला जाण्याआधी

अगं, तू पाठवलेली जाहिरात मी सावकाश वाचली आणि सगळे फोटो मोठे करून बघितले. बोट चांगली वाटते हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना ताई नाट लावतेय असं तुला वाटायला नको. १९८९ची कॅटलिना ३०, चेसापीक बेवर शिकून तयार झालेल्या जोडप्याला पहिली बोट म्हणून अगदी योग्य. आत उभं राहता येतं, चौघं झोपू शकतात, चालवायला शांत. निवड तुमची बरोबर आहे. पण शनिवारी तीन तास गाडी चालवत ॲनापोलिसला येण्याआधी आपण दोघी ही जाहिरात ओळीओळीने वाचू या. बोट समोर आली की मन तिच्यात गुंततं, आणि मग विचारायचे प्रश्न घशातच राहतात.

जाहिराती खोट्या असतात असं मी म्हणत नाही. माझा अनुभव असा आहे की बहुतेक जाहिराती उसन्या असतात. मालकाने बोट घेतली तेव्हाची जाहिरात त्याने जपून ठेवलेली असते, विकताना तीच थोडी पुसून पुन्हा लावतो. ब्रोकर वेबसाइटवर मॉडेलचं नाव भरतो आणि लांबी, रुंदी, वजन आपोआप उमटतं. ‘शिडं नवीन’ हे वाक्य आधीच्या मालकाच्या काळात खरं असतं. वाक्य तसंच पुढे जातं, शिडं मात्र दर उन्हाळ्यात उन्हाने विरत जातात. यात कोणी फसवायला बसलेलं नसतं, तरी पैसे तुमचेच जातात. म्हणून प्रत्येक ओळीला एकच विचारायचं: हे कशावरून, आणि कधीचं? उत्तर बिलातून यावं, नव्या फोटोतून यावं, नाहीतर बोटीवर प्रत्यक्ष हात लावून यावं. तोवर ती ओळ विकणाऱ्याचं म्हणणं, एवढंच.

आता तुझ्याच जाहिरातीतलं बघ. ‘ड्राफ्ट ५ फूट ३ इंच’ असं लिहिलंय, म्हणजे बोटीचा पाण्याखालचा भाग तेवढा खोल. कॅटलिना ३०च्या नेहमीच्या फिन कीलचा, म्हणजे तळाखालच्या जड, सरळ पात्याचा, तो आकडा बरोबर आहे. पण नववा फोटो उघड, बोट हिवाळ्यात जमिनीवर टेकूंवर उभी केलेली आहे तो. कीलच्या तळाशी दोन्ही बाजूंना पसरलेले पंख दिसतायत ना? ही विंग कील आहे, आणि या मॉडेलच्या विंग कीलचा ड्राफ्ट ३ फूट १० इंच असतो. फरक झाला १७ इंचांचा. आपला बे सरासरी २१ फूटच खोल आहे आणि खाड्यांच्या तोंडाशी तर त्याहून कितीतरी उथळ. तिथे १७ इंचांवर कुठली खाडी आपली आणि कुठली नाही हे ठरतं. विंग कीलने उथळ पाण्यात जाता येतं, पण चिखलात रुतली तर फिन कीलसारखी बोट कलती करून सोडवणं अवघड जातं, असं इथले जुने नाविक सांगतात. तुम्हाला कोणती हवी ते तुम्ही ठरवा. मला यातून दुसरंच कळलं. जाहिरात लिहिणाऱ्याने बोटीखाली वाकून बघितलेलं नाही. एक आकडा साच्यातून आलाय, तर बाकीचेही तिथूनच आले असतील असं धरून चाल. डोलकाठीचंही तसंच आहे. हे मॉडेल साध्या आणि उंच, अशा दोन्ही डोलकाठ्यांचं निघालं. पुलाखालून जाताना किंवा नवं शीड शिवायला टाकताना तो फरक कळून उपयोग नाही, आत्ताच विचार.

दुसरी गोष्ट वर्षाची. बोटीच्या मागच्या सपाट भागावर, उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात एक नंबर कोरलेला किंवा ठसवलेला असतो. त्याला हल आयडेंटिफिकेशन नंबर म्हणतात, सगळे एचआयएन म्हणतात. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२पासून तो सक्तीचा आहे. बारा अक्षरं-आकडे असतात. पहिली तीन बनवणाऱ्याची, कॅटलिनाची ‘सीटीवाय’. मधली पाच त्या बोटीचा क्रमांक. शेवटची चार वर्षाची. ऑगस्ट १९८४नंतरच्या बोटींत ती चार अशी वाचायची: पहिलं अक्षर महिन्याचं, ‘ए’ म्हणजे जानेवारी आणि ‘एल’ म्हणजे डिसेंबर, मग बांधणीच्या वर्षाचा शेवटचा आकडा, आणि शेवटी मॉडेलचं वर्ष. समजा शेवटी ‘एल ८८९’ असेल, तर बोट डिसेंबर १९८८ची आणि मॉडेल १९८९चं. विकणाऱ्याकडून या नंबरचा जवळून काढलेला फोटो मागव. टाइप करून पाठवलेला नंबर चालणार नाही, फोटोच हवा. अक्षरं खरवडलेली दिसली, किंवा कागदावरच्या नंबरपेक्षा एखादंही अक्षर वेगळं निघालं, तर तिथेच थांबायचं.

याच नंबरावरून आणखी एक गोष्ट कळते. मधल्या पाच आकड्यांतला बोटीचा क्रमांक बहुधा मोठ्या शिडावर शिवलेला असतो. तुझ्या जाहिरातीतल्या चौथ्या फोटोत शीड उभारलेलं आहे आणि त्यावरचा आकडा स्पष्ट वाचता येतो. एचआयएनचा फोटो आला की दोन्ही शेजारी ठेव. आकडा वेगळा निघाला तर ते शीड दुसऱ्या बोटीवरचं, म्हणजे वापरलेलंच घेतलेलं असण्याची शक्यता मोठी. तसं असणं गुन्हा नाही, पण मग ‘नवीन’ म्हणून त्याची किंमत द्यायची नाही. शीड खरंच नवं असेल तर बनवणाऱ्याचं बिल असतं, कोपऱ्यावर त्याचं लेबल असतं, आणि मालक दोन्हींचा फोटो आनंदाने पाठवतो. पुढचं जेनोआ शीड गुंडाळून वर्षभर तिथेच राहतं. त्याच्या कडेला ऊन अडवायला वेगळ्या कापडाची पट्टी शिवलेली असते. त्या पट्टीची शिवण उसवलेली असेल तर आतल्या कापडाने किती ऊन खाल्लंय ते समजून घे.

फोटो बघताना जे दिसतंय त्यापेक्षा जे दाखवलेलं नाही त्याची यादी कर. तुझ्या जाहिरातीत सूर्यास्ताचे तीन फोटो आहेत, उशा मांडलेल्या केबिनचे चार. इंजिनचा एकही नाही. बिल्जचा, म्हणजे तळातल्या पाणी साचायच्या जागेचा, एकही नाही. गाद्या उचलून खालचा भाग नाही, खिडक्यांच्या खालच्या कडा नाहीत. नेमके हेच फोटो मागव. खिडकीखालच्या लाकडावर काळपट ओघळ दिसला तर पाणी आत येतंय, आणि ते एका दिवसात येत नाही. काही फोटोंत निळं कॅनव्हास आहे आणि काहींत तपकिरी, हे तुझ्या लक्षात आलं का? म्हणजे फोटो दोन वेगवेगळ्या काळातले आहेत. नाळेवर नोंदणीचं स्टिकर असतं, त्यावर वर्ष असतं. मोठं करून वाच. स्टिकर काही वर्षं जुनं असेल तर फोटोही तेवढा जुना, नाहीतर बोट इतकी वर्षं पाण्यात उतरलेलीच नाही. दोन्ही उत्तरं तुझ्या कामाची आहेत.

आता रिगिंग. डोलकाठी उभी धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा बाहेरून चकचकीत राहतात आणि टोकाच्या जोडात आतून तडकतात. दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात असं जाणकार सांगतात, आणि जुन्या बोटीचा विमा देताना कंपन्याही त्यांचं वय विचारतात. जाहिरातीत ‘रिगिंग उत्तम’ एवढंच आहे, वर्ष नाही. वर्ष विचार, आणि ज्याने काम केलं त्याचं बिल विचार. बिल नसेल तर तारा मूळच्याच आहेत असं धरायचं आणि बदलायचा खर्च किमतीतून वजा करायचा. इथे मी अजिबात ढिली पडू देणार नाही तुला. तुझी लेक लाइफजॅकेट घालून त्याच डोलकाठीखाली बसणार आहे. वारा वाढल्यावर एखादी तार सुटली की काठी खाली येते, आणि त्या क्षणी जाहिरातीतलं ‘उत्तम’ कोणाच्या उपयोगी पडणार?

इंजिनबद्दल लिहिलंय, ‘डिझेल, फक्त ६०० तास’. हे वाचून खूश होऊ नकोस. पस्तीस वर्षांत ६०० तास म्हणजे वर्षाला जेमतेम सतरा तास. डिझेल इंजिन चालवल्याने जितकं झिजतं त्याहून जास्त बसून बिघडतं. तास मोजणारं मीटर बंद पडतं, पॅनेलसोबत बदलतंही, त्यामुळे आकड्यापेक्षा वही महत्त्वाची. तेल कधी बदललं, पाण्याच्या पंपाचं इंपेलर कधी, हीट एक्स्चेंजर कधी साफ केला, याच्या नोंदी माग. त्या काळातल्या कॅटलिना ३०मध्ये युनिव्हर्सल कंपनीचं एम-२५ एक्सपी हे २३ हॉर्सपॉवरचं इंजिन असायचं. तेच आहे का, ते त्यावरच्या पट्टीच्या फोटोवरून बघ. जुन्या, सत्तरच्या दशकातल्या बोटींत ॲटॉमिक फोर नावाचं पेट्रोल इंजिन होतं, आणि पेट्रोलची वाफ बोटीच्या तळात साठते, म्हणून कुठलं इंजिन आहे हे गृहीत धरायचं नाही. या युनिव्हर्सल इंजिनांच्या वायरिंगमध्ये जे प्लग होते ते जुने झाले की तापतात. ते काढून टाकून वायर सरळ जोडल्या आहेत का, हेही विचार. मालकाला हे माहीत असेल तर त्याने बोट मनापासून सांभाळली आहे असं समज.

आणि एक सांगून ठेव त्याला: आम्ही येण्याआधी इंजिन सुरू करू नका. गेल्यागेल्या इंजिनला हात लाव. गरम लागलं तर कोणीतरी आधीच चालवून ठेवलंय, आणि थंड असताना ते कसं सुरू होतं हे तुला कळायचं राहिलं. थंड इंजिन लगेच पेटावं. सुरुवातीचा थोडा धूर विरून जावा. निळा धूर राहिला तर तेल जळतंय, काळा राहिला तर इंधन पूर्ण जळत नाही किंवा इंजिनावर भार जास्त पडतोय. एक्झॉस्टमधून पाणी बाहेर पडतंय का, तेही मागे वाकून बघ.

आता कॅटलिनाचं खास दुखणं. चार हजार पौंडांहून जास्त वजनाची शिशाची कील हलला, म्हणजे बोटीच्या मुख्य अंगाला, बोल्टांनी आवळलेली असते. वर्षानुवर्षं हेलकावे खाऊन त्या सांध्यात पुढच्या बाजूला चीर पडते, ओठ किंचित उघडल्यासारखी वाकडी. इथे तिला सगळे ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. चीर दिसली म्हणून बोट टाकून द्यायची नसते. कधी बोल्ट ठराविक जोराने पुन्हा आवळून भागतं, कधी कील उतरवून नव्याने बसवावी लागते, आणि दोन्ही खर्चांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आतून बिल्जमध्ये बोल्टांभोवती गंजाचं पाणी असेल तर दुसरा खर्च गृहीत धर. या मॉडेलच्या जुन्या बोटींत कीलच्या वरच्या भागात आणि डोलकाठीच्या आधाराखाली लाकूड होतं, ते कुजतं. तुझी बोट त्यातली आहे का, ते सर्व्हेअरला आवर्जून विचारायचं. नवव्या फोटोत कीलचा सांधा नेमका सावलीत आहे, म्हणून दुपारच्या उजेडात जवळून काढलेला फोटो माग.

डेकवर चालताना पाय कुठे दबतो का बघ. फायबरग्लासच्या दोन थरांत प्लायवूड किंवा बाल्साचं लाकूड असतं, स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते सडतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलकं ठोकत जा. कोरडी जागा टणटण वाजते, ओली जागा ढप्प. डोलकाठीच्या बुडाशी आणि तारा जिथे डेकला जोडल्या आहेत तिथे जास्त ठोक. मालकाला आधी विचारून कर, म्हणजे त्याला अपमान वाटणार नाही.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण तेच आधी कर. अशी बोट मेरीलँडच्या नोंदणीवर असते किंवा कोस्ट गार्डकडे फेडरल डॉक्युमेंटेड असते. डॉक्युमेंटेड असेल तर वेस्ट व्हर्जिनियातल्या फॉलिंग वॉटर्सला जे नॅशनल व्हेसल डॉक्युमेंटेशन सेंटर आहे, तिथून ‘ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल’ मागवता येतं, २५ डॉलरला. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा आणि फेरफार बघतात, तसंच हे समज: बोट कोणाकडून कोणाकडे गेली, तिच्यावर कर्ज होतं का, ते फिटल्याची नोंद आहे का, सगळं त्यात दिसतं. ‘मालक दोनच’ असं जाहिरात म्हणते. या कागदावर पाच नावं निघाली तर तुला विकणाऱ्याविषयीच काहीतरी समजलं. कर्ज फिटलं म्हणतो पण नोंद नाही, तर ती नोंद त्याने करून दिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

यात तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. कोस्ट गार्डचं डॉक्युमेंटेशन फक्त अमेरिकन नागरिकाच्या मालकीच्या बोटीला मिळतं. तुम्ही अजून ग्रीनकार्डवर आहात. म्हणून ही बोट डॉक्युमेंटेड असेल तर आधी फेडरल नोंदीतून काढून घेऊन मग राज्याचं टायटल करावं लागेल. जमणारं काम आहे, पण वेळ लागतो, आणि ते कोणी करायचं हे करारात लिहून घ्या. मेरीलँडमध्ये किमतीवर ५ टक्के एक्साइज कर भरावा लागतो, तो बजेटमध्ये धरा. कर वाचवायला कागदावर किंमत कमी दाखवू असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हण. जो सरकारला खोटं लिहून देतो, त्याने जाहिरातीत तुला खरं लिहिलं असेल यावर कसा विश्वास ठेवायचा?

गेल्या काही वर्षांत बोट कुठे होती, हेही विचार. २०१२च्या सँडी वादळात ६५ हजारांच्या आसपास बोटींचं नुकसान झालं असा बोटयूएस या बोटमालकांच्या संघटनेचा अंदाज होता. विमा कंपन्या अशा बोटी लिलावात काढतात, कोणीतरी रंगरंगोटी करून पुन्हा विकतं, आणि बोट दुसऱ्या राज्यात पोचली की गोष्ट मागे राहते. सँडी झालं तेव्हा आणि २०२२मध्ये फ्लोरिडात इयान वादळ आलं तेव्हा ही बोट कुठल्या मरिनात होती, एवढा साधा प्रश्न आहे. जुन्या मालकाला उत्तर पाठ असतं.

हे सगळं झाल्यावरही सर्व्हेअर लागणारच. तो तुमचा असावा, तुम्ही पैसे दिलेला. ‘सॅम्स’ आणि ‘नॅम्स’ या सर्व्हेअरांच्या दोन संघटना आहेत, त्यांच्या यादीतून दोघा-तिघांशी बोल आणि आधीच्या एखाद्या अहवालाचा नमुना माग. मालकाकडे जुना सर्व्हे असेल तर तोही घे, पण तारीख बघ आणि कोणी करवला होता ते बघ. त्यात ‘हे दुरुस्त करा’ म्हणून जी यादी असते, ती आजच्या जाहिरातीशेजारी ठेवून वाच. तेव्हा सांगितलेली कामं झाली का, हे जितकं त्यातून कळतं तितकं दुसऱ्या कशातूनच नाही. ऑफर देताना ‘सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाल्यास’ ही अट लेखी हवी. दहा टक्के अनामत द्यायची पद्धत आहे, ती ब्रोकरच्या एस्क्रो खात्यात जावी, कोणाच्या खासगी खात्यात नाही. आणि बोट न दाखवता वाहतुकीचे पैसे आधी मागणारा माणूस भेटला, तर त्याच्याशी बोलणंच बंद कर.

एक सांगू? विकणाऱ्याशी बोलताना आवाजात संशय येऊ देऊ नकोस. बरेच मालक बोट सोडताना खरंच हळवे झालेले असतात. नीट विचारलंस तर जाहिरातीत नसलेल्या शंभर गोष्टी सांगतील. ‘हे मला माहीत नाही’ असं जो सरळ म्हणतो, त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसतो. सगळ्याचं उत्तर ‘एकदम परफेक्ट’ असेल तर मात्र सावध हो.

तर आज रात्री एवढंच कर. मालकाला छानसा मेसेज पाठव आणि मागव: एचआयएनचा जवळून फोटो, कीलच्या सांध्याचा, बिल्जचा, इंजिनाच्या पट्टीचा, रिगिंगचं वर्ष, शिडांचं बिल, जुना सर्व्हे, आणि बोट डॉक्युमेंटेड आहे की राज्याच्या नोंदणीवर. विकायची खरी इच्छा असेल तर आठवड्यात बरंचसं येईल, मग आपण शनिवार ठरवू आणि मीही येते. टाळाटाळ झाली तर वाईट वाटून घेऊ नकोस. हे मॉडेल सहा हजारांहून जास्त बनलंय आणि बेवर पुष्कळ आहेत. तुमची बोट यातलीच एखादी असेल. फक्त ती घेताना तिच्याविषयी जाहिरातीपेक्षा जास्त तुला माहीत असायला हवं.